वळूचा पगार

गोठ्याच्या दारावरून जायची वेळ आली, तशी मायाक्कानं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला, मान खाली घातली आणि भिंतीच्या कडेकडेनं ती पलीकडे गेली. एका हातात शेणाची पाटी, दुसऱ्या हातात पदराचा शेव. या वयात ही कसरत तिला झेपत नव्हती. पाटी कलली, थोडं शेण पायावर सांडलं. पण पदर सुटला नाही. सिदूनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून बैलाच्या पाठीवर पाण्याचा तांब्या ओतला.

पलीकडे गेल्यावर भिंतीआडून मायाक्काचा आवाज आला, "आज सायेब येनार हाय न्हवं?"

"व्हय, आये. दिस कलल्यावर."

"त्यास्नी पेंड घातली का?"

"घातली."

"पानी?"

"दावलं की."

'त्यास्नी' म्हणजे बैलाला. खडकेवाडीतली कुठलीही बाई आपल्या नवऱ्याविषयी बोलताना जसं नाव न घेता बोलेल, तशी मायाक्का त्या बैलाविषयी बोलायची. बैल दाव्याला आला त्या दिवसापासून तिचं हे सुरू झालं होतं. सिदूची बायको केराबाई सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसली होती. आत्याबाई, जनावराला कुणी आवजाव करतं का, असंही तिनं एकदा थट्टेनं विचारलं होतं. सासूनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर केराबाई हसली नाही. उलट ती स्वतःही गोठ्यासमोर मोठ्यानं बोलायची बंद झाली.

सिदूनं बैलाची पाठ चोळली, शिंगांना तेलाचा हात फिरवला. खिल्लारी जातीचा तो बैल उन्हात उभा राहिला की चुन्यानं रंगवलेल्या देवळासारखा दिसायचा. नातेपुत्याच्या बाजारात चांगली चांगली खोंडं येतात, पण असं वशिंड, असे पाय आणि असे शांत डोळे पंचक्रोशीत दुसरे नव्हते. तेल लावता लावता सिदूचा हात मागच्या मांडीवर आला आणि नेहमीसारखा तिथून चटका बसल्यासारखा उचलला गेला. मांडीवर केस न उगवलेली तीन टोकांची खूण होती.

ती खूण वाडीतल्या लोहारानं दिली होती, सिदूचा बाप धुळाबा वारला त्याच्या बाराव्या दिवशी. धुळाबानं जन्मभर मेंढरं राखली. पण मरताना त्याचा जीव अडकला तो मेंढरांत नव्हे, घरच्या गाईच्या पांढऱ्या खोंडात. खोंड देवाला सोडा, एवढंच तो म्हणाला होता. मग बाराव्याला सारी वाडी महादेवाच्या देवळापुढं जमली. सिदूनं खोंड धरला, लोहारानं तापलेला त्रिशूळ मांडीला लावला, खोंड थरथरला. गळ्यातली दोरी सोडताना मायाक्कानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आता तू आमचा न्हाईस बग. तू देवाचा." मग सिदूच्या बापाच्या नावानं तो खोंड मोकळा झाला. त्याला कुणी जुंपायचं नाही, मारायचं नाही, रानात शिरला तर हातात काठी न घेता बोलून बाहेर काढायचं.

खोंडाचा वळू झाला. त्यानं वाडीचीच काय, आसपासच्या गावांची घरं पाठ केली. कुणाच्या दारात तो येऊन उभा राहिला की घरची बाई हातातलं काम टाकून भाकरीचा तुकडा नाही तर मूठभर दाणे घेऊन बाहेर यायची. "धुळा मामा आले," असं म्हाताऱ्या हसत म्हणायच्या. गाई त्याच्यापासून व्यायच्या, खोंडं चांगली निपजायची. कुणी त्याचा मालक नव्हता आणि कुणाला तो जड नव्हता.

आणि मग सरकारनं बैलाला पगार द्यायचा ठरवलं.

पगार हा वाडीचा शब्द. शेतकी खात्याचं म्हणणं असं होतं, की चांगल्या जातीचा वळू जो शेतकरी घरी बांधून पोसेल, त्याला साधा खुराक घालता येईल इतकी मदत सरकार दरसाल देईल. अट इतकीच, की वळू दाव्याला असावा, औताला जुंपू नये, गावच्या गाईंना फुकट लावावा आणि साहेब पाहायला येतील तेव्हा तो धडधाकट दाखवावा. हे सांगायला जो साहेब नातेपुत्याहून सायकल मारत आला, त्याचं नाव बसवराज. मूळचा मैंदर्गीचा, खाकी अर्धी विजार आणि कपाळावर भस्माचे पट्टे. वाडीनं त्याचं नाव दोन दिवसांत 'बैलसायेब' करून टाकलं.

तो पहिल्यांदा आला तेव्हा वाडीची माणसं विहिरीपाशी जमली होती आणि वळू तिथंच हौदावर पाणी पीत होता. बैलसाहेबानं बोलता बोलता त्याला पाहिलं आणि तो बोलायचाच थांबला. बैलाभोवती एक फेरी मारून आल्यावर त्यानं विचारलं, "हा कुणाचा?"

कुणी बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि जे सगळ्यांना ठाऊक असतं ते सांगायचं कुणी, असा तो घोटाळा. पाटील आबासाहेब मिशीला पीळ देत राहिले.

इथं सिदूविषयी थोडं सांगायला हवं. सिदू हा अशा माणसांपैकी, ज्यांना गाव कधी काही विचारत नाही. लग्नाच्या पंगतीत तो वाढायला असायचा, भांडणाच्या बैठकीत कडेला उभा असायचा, सप्ताहात कीर्तनकाराच्या मागं टाळकऱ्यांच्या ओळीत अगदी शेवटचा. कीर्तनाचं मात्र त्याला वेड होतं. बुवांचा आवाज वर चढला की त्याचे डोळे आपोआप मिटायचे आणि टाळ जणू दुसराच कुणी वाजवायचा. त्या ओळीत उभं राहिल्यावर आपण कुणीतरी आहोत असं त्याला वाटायचं. ओळ मोडली की तो पुन्हा कुणी नसायचा. त्या दिवशी विहिरीवर डोक्याला टोपी घातलेला एक साहेब, सगळ्या गावासमोर, काहीतरी विचारत होता आणि उत्तर सिदूच्या घरातलं होतं.

"माजा," सिदू म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि तो मागं घ्यायला सिदूनं तोंड उघडलंही. पण साहेबानं वळून त्याच्याकडे पाहिलं होतं, पाठीवर थाप मारली होती, शाबास म्हटलं होतं. आबासाहेब क्षणभर चकित झाले आणि मग खोकल्यासारखं हसले. साहेब गेल्यावर ते सिदूला म्हणाले, "काय वंगाळ केलंस? आदीबी त्योच वळू आन् आताबी त्योच. आता सरकार त्याला चारा घालतंय. देवाच्या बैलाला गोऱ्या सायबाचं सरकार चारा घालतंय म्हंजी देवानंच केलं म्हनायचं की." सगळे हसले. सिदूही हसला. त्याला त्या हसण्याचा आधार वाटला.

दुसऱ्या खेपेला साहेबानं मांडीवरच्या खुणेवर बोट ठेवलं होतं. वात भरला होता म्हणून डाग दिला, असं सिदूनं सांगितलं. जनावरांना डाग देतातच. साहेबानं पुढं विचारलं नाही.

पण दाव्याला बांधायचा तर वेसण हवी, आणि वेसणीला नाक टोचायला हवं. ते काम सिदूनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. आपल्या हातानं केलं तर बैलाला कमी दुखेल, असं त्याला वाटलं. खरं म्हणजे त्या दिवशी बैल बिथरला असता, शिंगावर घेऊन पळाला असता, तर सिदू सुटला असता. तसं झालं नाही. लहानपणापासून ओळखीचा हात नाकाशी आला तसा बैलानं विश्वासानं मान पुढं केली. टोचल्यावर तो एकदाच हुंकारला आणि सिदूच्या खांद्यावर रक्ताचा थेंब पडला. मायाक्का ओसरीवर बसली होती. ती उठली, तिनं पदर पुढं ओढला आणि ती आत गेली. तेव्हापासूनचा तो पदर.

तिनं कधी शिव्या दिल्या नाहीत, कधी रडली नाही. रडली असती तर सिदूनं तिची समजूत घातली असती. ती फक्त बैलापुढं बसायची नाही, बैलाच्या नजरेसमोर जेवायची नाही आणि सिदूशी बोलताना बैलाला 'त्यास्नी' म्हणायची. ज्याच्या नावानं मोकळा केला, त्यालाच पोरानं गोठ्यात आणून बांधला, हे तिनं एकदाही तोंडानं म्हटलं नाही. तिला म्हणायची गरजच नव्हती.

बाहेर मात्र सिदूचे दिवस पालटले. नातेपुत्याला जनावरांचं प्रदर्शन भरलं तेव्हा वळूचा पहिला नंबर आला आणि साहेबाच्या हातून सिदूला फेटा मिळाला. आबासाहेब त्याला आपल्या ओट्यावर बसवून घेऊ लागले. लोक 'सिदूबा' म्हणू लागले. सप्ताहाच्या वर्गणीत त्याचं नाव वरती आलं, कारण पगारातलं बरंचसं तो देवळात देऊन टाकायचा. देवाचं देवालाच देतोय, असं तो स्वतःला समजावायचा. पण देऊन झालं की त्याच रात्री बैलाच्या दाव्याची करकर त्याला घरात ऐकू यायची.

तर त्या दिवशी, श्रावणातल्या सप्ताहाची सांगता होती. सकाळी काल्याचं कीर्तन, आणि दिस कलल्यावर बैलसाहेब वळू पाहायला यायचा होता. सिदूनं बैल धुऊन घेतला, स्वतः अंघोळ केली, प्रदर्शनातला फेटा बांधला आणि टाळ घेऊन तो देवळात गेला.

माळशिरसकडचे एक बुवा कीर्तनाला उभे होते. वय झालेलं, आवाज पिकलेला, पण गोडी अशी की समोरची लहान पोरंसुद्धा हलत नव्हती. बोलता बोलता त्यांनी देवळाच्या दाराकडे हात केला. तिथं दगडाचा नंदी बसलेला होता, गुळगुळीत, शतकांच्या हातांनी झिजलेला.

"मायबाप हो," बुवा म्हणाले, "मी चार जिल्हे हिंडलो. महादेवाची देवळं मोजली न्हाईत इतकी पाहिली. प्रत्येक ठिकाणी हा दारात बसलेला. पण याच्या गळ्यात दावं कुठं पाहिलंत का? न्हाई. याच्या नाकात वेसण पाहिली? न्हाई. अहो, तुमचा-आमचा बैल रात्री दावं सोडलं तर सकाळी शेजाऱ्याच्या रानात. आन् हा बसलाय तो बसलाय. का बसलाय? कुणी बांधलाय का? त्याला जावंसं वाटत न्हाई म्हणून बसलाय. देवापाशी राहायचं ते असं, मोकळ्या गळ्यानं."

लोक हसले, बायकांनी हात जोडले, मृदंग वाजला. टाळकऱ्यांच्या ओळीत सिदूचा टाळ चुकला. शेजारच्यानं कोपरानं खुणावलं, सिदूनं ठेका पकडला आणि तो पुन्हा चुकला. कुणीतरी बुवांना आपली गोष्ट सांगितली असणार, असं त्याला वाटलं. आता बुवा नाव घेणार. त्यानं डोळे मिटले आणि वाट पाहिली.

बुवांनी नाव घेतलंच. पण ते वेगळ्याच कारणानं. आबासाहेबांनी त्यांच्या कानात काही सांगितलं होतं. बुवा म्हणाले, या वाडीत एक पुण्यवान माणूस आहे, शंकराच्या वाहनाची सेवा करतो, आणि त्या सेवेतून जे मिळतं ते देवाच्या पायाशी आणून ठेवतो. त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढला, शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत ते स्वतः चालत गेले आणि हार सिदूच्या गळ्यात घालून त्यांनी वाकून त्याच्या पायाला हात लावला. वयानं बापासारखा माणूस, सिदूच्या पायाशी वाकला.

बायकांच्या बाजूला मायाक्का बसलेली होती. सिदूनं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान वळवली नव्हती, ती थेट पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पोराला ताप भरल्यावर पाहावं तसं ती पाहत होती.

दहीहंडी फुटली, काला वाटला गेला. सिदूनं हात पुढं केला नाही. हार काढून त्यानं नंदीच्या पाठीवर ठेवला आणि तो घरी आला. गोठ्यात जाऊन बैलाशेजारी भुईवर बसला. कितीतरी वेळ बसला. केराबाईनं जेवायला हाक मारली, तरी तो उठला नाही.

दिस कलला तशी सायकलची घंटा वाजली. बैलसाहेबाबरोबर आबासाहेब होते, खुशीत. साहेबानं टोपी काढली, घाम पुसला आणि बैलाकडे पाहून तो नेहमीसारखा उजळला. छाती मोजायला त्यानं टेप काढली.

"सायेब," सिदू म्हणाला, "मोजू नगा. बैल माजा न्हाय."

आबासाहेब झटकन पुढं आले. याला उन्ह लागलंय, सकाळपासून उपाशी आहे, असं ते काहीबाही बोलू लागले. सिदू थांबला नाही. त्यानं बाप सांगितला, बारावा सांगितला, लोहार सांगितला, मांडीवरची खूण वाताची नव्हे हे सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की साहेबाला वाकून ऐकावं लागलं.

बसवराजनं टेप गुंडाळून खिशात ठेवली. मग त्यानं आबासाहेबांना जरा बाहेर थांबायला सांगितलं.

दोघंच राहिल्यावर तो म्हणाला, "मला ठाऊक होतं की, सिदू."

सिदूनं वर पाहिलं.

"त्रिशूळ मला कळत नाही होय? आमच्या घरी बसवण्णाची पूजा असते, नंदीचीच की. मी डाग पाहिला तेव्हाच कळलं. पण मला बैल पाहिजे होता रे. तालुक्यात दाखवायला एक तरी असा बैल पाहिजे होता. तू वात म्हणालास, मी म्हटलं, बरं झालं, हाच म्हणाला." तो बैलाच्या कपाळावर हात ठेवून बोलत होता, सिदूकडे न पाहता. "आता एक कर. मी लिहितो, वळू मेला. आजारानं मेला. मेल्या बैलाचा पगार बंद होतो, कुणी काही विचारत नाही. तू दावं सोडून दे. तुला त्रास नाही, मला नाही."

बाहेरून आबासाहेबांनी ऐकलं असावं, कारण ते लगेच आत आले आणि हे बेस म्हणाले. सिदूला क्षणभर वाटलं, सुटलो. इतकं सोपं होतं. एक शब्द बोलून बांधला गेला, एका शब्दानं सुटेल.

भिंतीआड मायाक्का उभी होती. तिच्या पावलांचा आवाज नव्हता, पण श्वास ऐकू येत होता.

"न्हाय सायेब," सिदू म्हणाला. "मेला म्हनून लिवू नगा."

"का रे?"

"एकदा गेलाय त्यो. म्या खांदा दिलाय. दुसऱ्यांदा मारू नगा." त्यानं बैलाचं दावं मुठीत धरलं. "खरं काय ते लिवा. लबाडी सिदूनं केली म्हनून लिवा."

"मग तुला घेतलेला पगार परत द्यावा लागेल. आणि मला विचारतील, तू काय बघत होतास."

"माज्यामुळं तुमास्नी..." सिदू एवढंच म्हणाला. एका पापातून पाय काढताना तो दुसऱ्या माणसाला चिखलात ओढत होता, हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं साहेबाचे पाय धरायला हात पुढं केले. बसवराजनं ते वरच्या वर धरले.

"राहू दे," तो म्हणाला. "मी पण तर खोटं बघितलं."

तो सायकल हातात धरून वेशीपर्यंत चालत गेला, बसला नाही. जाताना त्यानं आबासाहेबांचा निरोप घेतला नाही. पुढं काही महिन्यांनी कळलं, की त्याला ताकीद मिळाली आणि दूर कुठंतरी धाडलं. सिदू तेवढ्यासाठी नातेपुत्याला दोनदा जाऊन आला, कुणाला भेटून सांगता येतं का म्हणून. कचेरीच्या पायऱ्यांवर तो दिवसभर बसला. त्याला आत कुणी घेतलं नाही. ते ओझं त्याच्यावर राहिलं ते राहिलंच.

पगार परत करायला त्यानं मेंढरं विकली. आबासाहेब त्याच्याशी बोलेनासे झाले. सरकारच्या नजरेत वाडी लबाड ठरली, आता बी-बियाण्याची मदतही इकडं वळायची नाही, असं ते ज्याला त्याला ऐकवत. ते खोटंही नव्हतं. लोक सिदूला पुन्हा सिदू म्हणू लागले. त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याला वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं.

साहेब गेला त्याच संध्याकाळी त्यानं वेसण काढली होती. नाकातून दोरी ओढताना बैलानं मागच्यासारखीच मान पुढं केली. सिदूनं दावं सोडलं, गोठ्याचं दार उघडलं आणि तो बाजूला झाला. बैल तिथंच उभा. सिदूनं पाठीवर हात फिरवून त्याला बाहेर नेलं, देवळापर्यंत सोडून आला. सिदूचं जेवण व्हायच्या आधी बैल परत गोठ्यात येऊन पेंडेच्या जागी उभा होता.

दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडं सोडला. तिन्हीसांजेला परत. तिसऱ्या दिवशीही तेच. कुणाच्या दारात तो जाईना, कुणाच्या हातचं खाईना. बायका भाकरी घेऊन बाहेर येत आणि तो त्यांच्याकडे परक्यासारखा पाही. फिरायचं, दारात थांबायचं, मर्जीनं निघून जायचं, हे सगळं तो विसरून गेला होता. आता त्याला कोणी बांधलं नव्हतं, आणि तरी तो बांधलेलाच होता. त्याला हाकलायचं तर काठी उगारायला हवी, आणि देवाच्या बैलावर काठी उगारायची नाही. सिदू गोठ्याच्या दारात डोकं धरून बसला.

मायाक्का बाहेर आली. पदर तसाच होता. पण त्या दिवशी ती भिंतीच्या कडेनं गेली नाही, पोराजवळ येऊन उभी राहिली.

"तुज्या हाताची सवय लागलीया त्यास्नी," ती म्हणाली. "लावलीस तशी मोड. मी हाय संगं."

दुसऱ्या दिवसापासून वाडीनं एक वेगळंच दृश्य पाहिलं. उजाडल्यावर सिदू बैलाच्या पुढं चालू लागला. हातात दोरी नाही, काठी नाही. एकेका दारापुढं तो थांबायचा, बैल थांबायचा, आणि सिदू तोंडानं मागायचा, "देवाच्या वळूला घास घाला, माय." भाकरी त्याच्या हातात पडायची, तो ती बैलाला भरवायचा आणि पुढच्या दारी जायचा. ज्या घरानं जन्मात कधी कुणाच्या दारात हात पसरला नव्हता, अशा घरातला तो माणूस. फेटा डोक्याला नव्हता. मायाक्का चार पावलं मागं यायची, आणि वाटेत थकली की कुणाच्या तरी ओट्यावर बसून राहायची.

फुलाबाईच्या दारात तिचा दीर खाटेवर बसलेला असायचा, जिभेचा तिखट. तो म्हणाला, "काय रं सिदूबा, पगार बंद झाला म्हनून भीक लागली व्हय? मग आमाला बी घे की मागं, आमीबी बसूनच असतो."

"चला की," सिदू म्हणाला. "पन तुमाला कोन घास घालनार, दादा?"

फुलाबाई खळखळून हसली आणि तिनं भाकरी आणली. सिदूनं हात पुढं केला, मग तो मागं घेतला. "तुमीच द्या, काकी. त्याच्या तोंडाशी धरा." फुलाबाईनं धरली. बैलानं सिदूकडे पाहिलं, मग भाकरीकडे. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग त्यानं जीभ बाहेर काढली आणि फुलाबाईच्या हातून भाकरी उचलली.

त्यानंतर रोज एखाद-दुसरं दार वाढत गेलं. कधी मल्लप्पा कोष्ट्याच्या घरी, कधी वरच्या वस्तीत. सिदू दोन पावलं मागं राहू लागला, मग चार, मग गल्लीच्या तोंडाशी. श्रावण सरला, भादवा सरला, बाजरीची कणसं भरली. बैल रात्री गोठ्यात यायचा तो आता कधी देवळापुढंच बसायचा. पहाटे उठून सिदू बघायला जायचा आणि लांबूनच परत यायचा.

ज्वारी पेरून झाली होती, कोवळी पोपटी हिरवळ मातीवर दिसत होती, अशा एका दुपारी सिदू आणि बैल शेवटच्या वस्तीवर गेले. तिथल्या म्हातारीनं बैलाला दाणे घातले आणि सिदूच्या हातावरही भाकरी ठेवली, बैल खाऊन उरली तर पुढच्या दारी घाल म्हणाली. पुढं दार नव्हतं. पुढं माळ होता आणि माळाच्या पलीकडे दुसरं गाव.

बैल पायवाटेला लागला. सिदू त्याच्या मागं चालला होता, तो थांबला. बैल चालत राहिला. चढावर एकदा थांबून त्यानं कान हलवले, वारा घेतला. सिदूनं हाक मारली नाही. बैल पुन्हा चालू लागला, शांत, कुणाची वाट न पाहता, आणि माळाच्या कडेवर त्याचं वशिंड थोडा वेळ दिसलं, मग नुसती शिंगं, मग काही नाही.

सिदू बांधावर बसला. भूक लागली आहे, हे त्याला आता जाणवलं. हातातली भाकरी त्यानं कपाळाला लावली, तुकडा मोडला आणि कोरडीच खाऊ लागला, सावकाश, एकेक घास चावून.